लेक शर्यतीत शेवटी येते, म्हणून बीएमएक्स सोडवायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण शब्द बदलून हाच प्रश्न दर वर्षी मोसम सुरू झाला की ट्रॅकच्या कठड्याला टेकून कुणी ना कुणी आई-बाबा विचारतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेक अकरा वर्षांची, इंग्लंडमधल्या तुमच्या गावच्या क्लबात तीन वर्षं बीएमएक्स रेसिंग, म्हणजे उंचवटे आणि वळणांच्या ट्रॅकवर छोट्या सायकलींची शर्यत, करतेय. आधी फायनलला पोचायची, गेल्या उन्हाळ्यापासून जवळजवळ प्रत्येक मोटोत, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, शेवटची. तिच्या गटात ती एकटी मुलगी, बाकी सगळे मुलगे. आता म्हणते, "सायकल चालवायचीय, पण रेस नको." सांगलीहून आजी-आजोबा फोनवर म्हणतात, पडून चेहऱ्याला लागलं तर काय, त्यापेक्षा बॅडमिंटन बरं. क्लबातल्या कुणीतरी सुचवलंय की कार्बन फ्रेमची नवी सायकल घ्या, फरक पडेल. आणि तिला पुढे रेटायचं की सोडू द्यायचं, हे तुम्हाला कळेनासं झालंय.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबात बरीच वर्षं कोच आहे आणि त्यातला मोठा काळ मुलींची सत्रं घेण्यातच गेलाय. तेव्हा जे सांगते ते त्या मुलींकडे बघून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ती मागे का पडतेय, हा एक. तिला रेस का नकोशी झालीय, हा दुसरा. आपण धरून चालतो की पहिल्याचं उत्तर तेच दुसऱ्याचं. माझ्या पाहण्यात तसं फार क्वचित असतं. मागे पडण्याची कारणं बहुतेक वेळा सायकलीत, गेटवर (म्हणजे सुटायच्या आधी पुढचं चाक टेकवतात त्या खाली पडणाऱ्या फळीवर) आणि जंपवर सापडतात, आणि त्यांच्यावर इलाज आहे. रेस नकोशी होण्यामागे मात्र बहुतेक वेळा एकटेपण असतं. आठ जणांच्या गेटवर आपल्यासारखं कुणीच नाही, हे मुलीला दहा-अकराव्या वर्षी पहिल्यांदा जाणवतं. सातव्या-आठव्या वर्षी तिला त्याचं काही नसतं. म्हणून निकालाचा कागद बघून निर्णय घेऊ नका, एवढं आधी सांगते. पुढचं सगळं त्याचं कारण आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ. गट जन्मवर्षावरून ठरतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच गेटवर उभे राहतात. या वयात अकरा महिन्यांचा फरक लहान नसतो. तुमची लेक वर्षाच्या शेवटी जन्मली असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. दुसरं, तुमच्या भागात तिच्या आसपासच्या वयाच्या किती मुली रेस करतात यावर पुष्कळ ठरतं. मुली पुरेशा नसल्या की आयोजक त्यांना शेजारच्या वयोगटातल्या मुलींमध्ये किंवा मुलग्यांमध्ये मिसळतात. मिसळल्यावरही मुलींचे गुण वेगळे धरतात का, बक्षीस वेगळं देतात का, हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर असतं. आयोजकांना स्पष्ट विचारा. मुलींमध्ये आपण दुसऱ्या आलो होतो आणि ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं झालेल्या मुली मी पाहिल्यात. तिसरं म्हणजे तिचं स्वतःचं शरीर. तिची उंची गेल्या वर्षभरात झपाट्याने वाढली का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच जाणून घ्यायचंय.

कारण असं की मुलींची उंची वाढण्याचा जोर मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. अकराव्या वर्षी पुष्कळ मुली वर्गातल्या मुलग्यांपेक्षा उंच असतात. म्हणजे "मुलगे ताकदवान, म्हणून ती मागे" हे या वयात सहसा खरं नसतं. ताकदीचा फरक दिसायला लागतो तो मुलगे वयात येतात तेव्हा, तेरा-चौदाच्या पुढे, आणि मग तो खरोखरच मोठा होतो. आत्ता मात्र वेगळंच काहीतरी होत असतं. उंची वाढते, सायकल तीच राहते. हातपाय लांब झाल्यावर त्यांचा अंदाज काही महिने चुकतो, आणि जी मुलगी डोळे झाकून मॅन्युअल मारायची, म्हणजे पेडल न मारता फक्त मागच्या चाकावर सायकल न्यायची, ती अचानक अडखळायला लागते. तिला वाटतं, आपल्याला येईनासं झालं. खरं तर सायकल लहान झालेली असते.

म्हणून आधी सायकल बघा. ती गेटवर दोन्ही पेडलवर उभी असताना बाजूने बघा. गुडघा हँडलबारला लागतोय का? कंबर पुढे सरकवायला जागा उरलीय का? बीएमएक्सच्या फ्रेम मायक्रो, मिनी, ज्युनियर, एक्स्पर्ट, प्रो अशा मापांत येतात. तीन वर्षांपूर्वी घेतलेली सायकल बहुधा मिनी किंवा ज्युनियर असेल. दीडशे सेंटिमीटरच्या आसपास उंची गेली की मुलीला एक्स्पर्ट लागते. मापाबरोबर क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याची, लांबीही बदलते: ज्युनियरला 155-160 मिलिमीटर, एक्स्पर्टला 165-170.

मग गियर. या सायकलीला एकच गियर असतो, त्यामुळे तो चुकला तर पूर्ण लॅपभर चुकलेला राहतो. हिशेब सोपा आहे. पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात भागिले मागच्या कॉगचे (मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे) दात, गुणिले चाकाचे इंच. 44 आणि 16 दात, 20 इंची चाक, म्हणजे 55. हा मोठ्या रायडरांचा नेहमीचा गियर, आणि दुकानातून आलेल्या पुष्कळ सायकलींवर तोच असतो. पस्तीस किलोच्या मुलीला गेटवरून पहिलं पेडल दाबायला तो जड जातो. माझ्याकडच्या त्या वजनाच्या मुलींना मी 51 च्या आसपास ठेवते, म्हणजे पुढे 41, मागे 16. चेनरिंग बदलायचा खर्च नव्या सायकलीच्या मानाने काहीच नाही, आणि पहिल्या सरळ पट्ट्यात फरक त्याच दिवशी दिसतो.

आता कार्बनबद्दल. सायकलीच्या वजनाचा लहान मुलांना फरक पडतो, हे खरं आहे. आठ किलोची सायकल चौतीस किलोच्या मुलीखाली असली तर ती तिच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा झाली. मोठ्या रायडरच्या बाबतीत हेच प्रमाण त्याच्या निम्म्यावर येतं. पण ती दोन वर्षांत ही सायकलही ओलांडणार आहे. क्लबात थोडी मोठी झालेली कुणीतरी मुलगी आपली एक्स्पर्ट सायकल विकायला काढलेलीच असते, ती घ्या. माप बरोबर असलेली जुनी अॅल्युमिनियमची सायकल माप चुकलेल्या नव्या कार्बनपेक्षा कितीतरी चांगली. आणि टायरमधली हवा तपासा. मी बघते त्या निम्म्या मुलांच्या टायरमध्ये हवा कमी असते आणि आई-बाबा हलक्या पार्टांचे भाव काढत असतात.

सायकल बरोबर झाली की गेट. एक करा: पुढच्या रेसला शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहू नका. पहिला जंप संपतो तिथे, बाजूला उभ्या राहा आणि ती कितव्या नंबरवर येते ते बघा. बीएमएक्सची शर्यत चाळीस-एक सेकंदांची. पहिल्या बर्ममध्ये, म्हणजे बाहेरच्या बाजूने उंचावलेल्या त्या पहिल्या वळणात, जो पुढे असतो तो बहुतेक वेळा पुढेच राहतो, कारण नंतर ओलांडायला जागा मोजक्याच असतात. ती पहिल्या जंपलाच सातवी असेल, तर पुढच्या तीनशे मीटरमध्ये ती काय करते याचा निकालाशी फारसा संबंध उरत नाही. कदाचित बर्ममध्ये ती सगळ्यांत सुंदर रेषा धरत असेल. निकालाच्या कागदावर ते दिसणार नाही.

गेटवरचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल: "ओके रायडर्स, रँडम स्टार्ट. रायडर्स रेडी, वॉच द गेट." त्यानंतर यंत्र 0.1 ते 2.7 सेकंदांच्या मध्ये कितीही वेळ थांबतं. मग लाल, पिवळा, पिवळा, हिरवा दिवा, सोबत बीप, आणि गेट पडतं. थांबण्याचा वेळ दर वेळी वेगळा असतो तो अंदाजाने निघता येऊ नये म्हणून. गेट पडल्यावर निघते ती मागे राहिली. पहिल्या बीपला हालचाल सुरू झाली पाहिजे: कंबर आधी किंचित मागे, मग जोरात पुढे हँडलकडे, हात सरळ, आणि चाक गेटच्या मागोमाग खाली. मुलींमध्ये मला एक गोष्ट वारंवार दिसते. त्या गेट पूर्ण पडल्याची खात्री करून निघतात. गेटला आधी धडक बसून एकदा पडलेली असते, ती आठवण अंगात असते. याला "घाबरू नकोस" हे उत्तर नाही. मी त्यांना आधी सपाट जमिनीवर, गेटशिवाय, फक्त त्या बीपच्या आवाजावर निघायला लावते. आवाजाला अंग आपोआप उठायला लागलं की मग गेट. फोनवर या आवाजाची अॅप मिळतात, घराच्या ड्राइव्हवेवर दहा मिनिटं रोज पुरतात. दोन्ही पेडलवर तोल धरून, मागे कुणी न धरता, पुढचं चाक भिंतीला टेकवून उभं राहण्याचा सरावही तिथेच होतो.

तिसरी जागा जंपची. अकरा-बाराव्या वर्षी मुलगे डबल जंप उडवायला लागतात. म्हणजे पहिल्या उंचवट्यावरून उडून थेट दुसऱ्याच्या उतारावर उतरतात. जी मुलगी दोन्ही उंचवटे चाकं जमिनीला ठेवून पार करते ती तिथे एक-दीड सायकल मागे पडते. पण उडालंच पाहिजे असं नाही. चांगलं पंपिंग, म्हणजे चढताना अंग हलकं करणं आणि उतरताना हातापायांनी सायकल खाली दाबणं, यातून पुष्कळ वेग वाचतो. आणि घाबरत, अर्धवट मारलेल्या उडीपेक्षा नीट केलेलं पंपिंग बहुधा लवकर पोचतं. कोचला विचारा, ती नेमकी कोणत्या जंपवर थांबतेय. एक जंप निवडा, त्याच आकाराचा लहान टेबलटॉप शोधा, ज्याच्या मधली दरी भरलेली असते, आणि तिथे तिला उड्या मारू द्या. घाई नको.

इथवरचं सगळं "ती मागे का" याचं. सायकलीचं माप आणि गियर एका आठवड्यात सुटतं, गेटला दोन-तीन महिने लागतात, जंपला जेवढे लागतील तेवढे.

आता "रेस नको" कडे येते. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हा आहे.

या खेळात मुलींची संख्या कमी असण्याला इतिहास आहे, आणि तो वरपासून आलेला आहे. 2008 साली बीजिंगला बीएमएक्स रेसिंग ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा पुरुषांच्या जागा 32 होत्या, स्त्रियांच्या 16. लंडनला तेच, रिओला तेच. टोकियोत पहिल्यांदा 24-24 झाल्या. म्हणजे पहिली तिन्ही ऑलिम्पिक निम्म्याच मुलींना जागा होती. आणि आपल्या इथे, ब्रिटनमध्ये काय झालं? रिओनंतर यूके स्पोर्टने, म्हणजे वरच्या पातळीच्या खेळाडूंना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेने, बीएमएक्समध्ये फक्त पुरुषांसाठी पैसे द्यायचं ठरवलं. एसेक्समधल्या ब्रेन्ट्रीच्या क्लबात वाढलेली बेथनी श्रीव्हर 2017 साली ज्युनियर विश्वविजेती होती, तरी तिला शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून काम करावं लागलं आणि टोकियोची पात्रता गाठण्यासाठी लोकांकडून वर्गणी मागावी लागली. 2021 मध्ये टोकियोला तिने सुवर्ण जिंकलं, कोलंबियाच्या मारियाना पाहोनला 0.09 सेकंदांनी मागे टाकून. मी त्या दिवशी आमच्या मुलींबरोबर बघत होते. त्या आरडाओरडा करत होत्या आणि मला राहून राहून वाटत होतं, ही वर्गणी जमली नसती तर?

हे सांगायचं कारण तिला "बघ, बेथसारखी हो" म्हणावं असं नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर ऑलिम्पिकचं ओझं टाकू नये. कारण असं की आपल्या मुलीला एकटं वाटतं तेव्हा तो तिचा कच्चेपणा नसतो. तिच्या आधीच्या मुलींना जागाच कमी ठेवली होती, म्हणून तिच्या शेजारचं गेट रिकामं आहे. हे तिला सांगा, अकराव्या वर्षी मुलींना हे नीट कळतं.

मुलग्यांबरोबर शर्यत करणं वाईट आहे, असंही मी म्हणणार नाही. पाहोन लहानपणी मेडेयिनमध्ये मुलग्यांबरोबरच शर्यती करायची. पुढे लंडन आणि रिओ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं तिने जिंकली, आणि आज त्या शहरातला ट्रॅक तिच्या नावाचा आहे. मुलग्यांमध्ये मुलगी धीट होते, गर्दीत कोपर मारून जागा करायला शिकते. पण ज्या मुली टिकतात त्यांच्याभोवती बहुतेक वेळा आणखी कुणीतरी असतं. नेदरलँड्सच्या लॉरा आणि मेरेल स्मुल्डर्स या सख्ख्या बहिणी. लॉराला लंडनला ब्राँझ, मेरेलला टोकियोला. एकाच घरातून दोघी एकाच गेटवर. प्रत्येक घरात असं होणार नाही, पण तिच्या आठवड्यात एक तास तरी असा हवा ज्यात गेटवर तिच्या डावीकडे-उजवीकडे मुली असतील.

तो कसा मिळेल? आधी तुमच्याच क्लबाला विचारा, मुलींचं वेगळं सत्र आहे का. नसेल तर सुरू करायला किती मुली लागतील ते विचारा. आमच्याकडे चार मुलींवर सुरू झालं. पहिल्या दिवशी दोघी मोठ्या, दोघी छोट्या, आणि एकमेकींशी बोलायलाही तयार नव्हत्या. वय वेगवेगळं असलं तरी चालतं, उलट बरंच असतं. चौदा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलीला गेटवर मागून धरते, आणि त्या छोटीला मी सांगून जे कळत नाही ते तिच्याकडून कळतं. आमच्याकडे एकदा एका अकरा वर्षांच्या मुलीने डबल उडवायला साफ नकार दिला होता. कोचनी सांगून झालं, वडिलांनी सांगून झालं. मग तेरा वर्षांची एक मुलगी तिला म्हणाली, "माझ्या मागच्या चाकाकडे बघत ये, मी जेवढा वेग धरेन तेवढाच धर." तिसऱ्या फेरीला दोघी पलीकडे उतरल्या. त्या मुलीने जे दाखवलं ते आम्ही कोच लोक तोंडाने सांगत होतो.

तुमच्या क्लबात जमत नसेल तर शेजारच्या क्लबात महिन्यातून एकदा घेऊन जा. प्रादेशिक शर्यतींमध्ये मुलींची संख्या क्लबाच्या शर्यतींपेक्षा जास्त असते. तिथे ती मुलींच्या गेटवर उभी राहील आणि आपण नेमक्या कुठे आहोत हे तिला पहिल्यांदा कळेल. ती जिंकेलच असं नाही. पण तिथल्या पाचव्या नंबरचा तिला काही अर्थ लागतो.

आणि तोवर रेस बंद ठेवली तरी चालेल. मनापासून सांगते. "नको" म्हणाली तर एक मोसम रेसचा अर्ज भरू नका, सराव चालू ठेवा. मी कुठल्याही मुलीला गेटवर ढकलत नाही. ढकललेली मुलगी बाराव्या वर्षी सायकलच सोडते. त्याऐवजी तिला स्वतःचं मोजायला दुसरं काहीतरी द्या. पहिल्या सरळ पट्ट्याची वेळ फोनवर मोजता येते. महिन्यातून एकदा, त्याच ट्रॅकवर, तिची तिच्याशीच. नंबर हे किती फसवं माप आहे ते बघायचं तर पॅरिस आठवा. 2024 मध्ये श्रीव्हरने फायनलपर्यंतची आपली प्रत्येक शर्यत जिंकली, आणि फायनलमध्ये ती आठवी आली. चाळीस सेकंदांपूर्वी ती जगातली सर्वांत वेगवान होती, चाळीस सेकंदांनंतरही तिच्या पायांत काही कमी झालेलं नव्हतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही, कारण "रेस नको" मागे ती अनेकदा असते आणि मुली ती सांगत नाहीत. पाळी. अकरा वर्षं म्हणजे सुरू झाली असेल किंवा होईल. ट्रॅकवर सोय काय असते? पार्किंगच्या टोकाला एक-दोन तात्पुरती शौचालयं, दोन मोटोंच्या मध्ये कधी वीस मिनिटं, कधी चाळीस, आणि सगळीकडे मुलगे आणि त्यांचे वडील. वर बीएमएक्सची पँट घट्ट, बहुतेक वेळा मुलग्यांच्या मापाने शिवलेली, कंबरेला ढिली आणि मांड्यांना आवळणारी. मुलीला भीती असते ती डाग दिसण्याची. गडद रंगाची पँट घ्या, आत पीरियड अंडरवेअर किंवा सायकलिंग शॉर्ट, आणि किटबॅगेत एक वेगळी छोटी पिशवी, जिच्याबद्दल तिला कुणाला विचारावं लागणार नाही. आमच्या सत्रांना मी पॅड आणि जास्तीच्या काळ्या लेगिंग्ज गाडीत ठेवते आणि पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींना सांगते की त्या तिथे आहेत. स्पोर्ट्स ब्राचंही तसंच. छातीला ओढ बसत असेल, दुखत असेल, तर मुलगी जंप टाळते आणि आपण समजतो घाबरली. हे आईनेच सहज विचारावं. कोच पुरुष असला तर ती त्याला कधीच सांगणार नाही.

आता आजी-आजोबा. त्यांची काळजी खोटी नाही, तेव्हा "काही होत नाही हो" म्हणून ती उडवून लावू नका. या खेळात पडणं असतं. खरचटणं, मनगट, कॉलरबोन, हे नेहमीचे मार आहेत. श्रीव्हरचं स्वतःचं कॉलरबोन पॅरिसच्या आधी मे महिन्यात मोडलं होतं. वरच्या पातळीवर त्याहून वाईट झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या काई साकाकिबाराच्या मेंदूला 2020 मध्ये बाथर्स्टच्या शर्यतीत गंभीर इजा झाली. त्याची बहीण साया टोकियोच्या उपांत्य फेरीत पडली, आणि पॅरिसला तिने सुवर्ण जिंकलं. तुमच्या लेकीचा क्लब ट्रॅक म्हणजे ऑलिम्पिकचा आठ मीटर उंचीचा उतार नव्हे, तिचा वेगही तो नाही. पण धोका शून्य आहे असं मी कुठल्याच पालकांना सांगत नाही.

चेहऱ्याचं मात्र त्यांना निश्चिंतपणे सांगा. फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, हेल्मेट घातल्याशिवाय शर्यतीत कुणालाच उतरू देत नाहीत, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्यांची जर्सी आणि लांब पँट हेही आलंच. हेल्मेट नीट बसतं का ते असं बघा: घालून तिला डोकं जोरात हलवायला सांगा. गालांची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट गालांवरून घसरत असेल तर ते मोठं आहे. "वाढतं अंग आहे" म्हणून एक माप मोठं हेल्मेट घेणारे पालक मी दर वर्षी परत पाठवते. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बदलायचं, बाहेरून चांगलं दिसत असलं तरी.

डोक्याला मार लागल्यावर काय करायचं, याबद्दल मी फार कडक आहे. चक्कर, डोकेदुखी, गोंधळ, मळमळ, नुसतं "काहीतरी वेगळं वाटतंय" असं म्हणाली तरी त्या दिवशी ती परत सायकलवर बसणार नाही, मग पुढची मोटो फायनल का असेना. ब्रिटनमध्ये 2023 पासून हौशी खेळांसाठी जे मार्गदर्शन आहे ते तुमच्या फोनमध्ये ठेवा: 24 तासांच्या आत वैद्यकीय सल्ला, गरज तर एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, 111 वर फोन, पहिले एक-दोन दिवस विश्रांती, आणि 21 दिवसांच्या आत स्पर्धा नाही. पुन्हा डोक्याला मार लागण्याचा धोका असलेला सराव सुरू करण्याआधी सलग 14 दिवस कुठलंही लक्षण नसायला हवं. बेशुद्धी, उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी असेल तर थेट इस्पितळ. हे नियम मुलगा-मुलगी दोघांना सारखेच. आणि आजोबांना हेही विचारा की नातू असता तर त्यांनी बॅडमिंटन सुचवलं असतं का. रागाने विचारू नका. माझ्याकडच्या एका मुलीच्या आजोबांना हे विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग हेल्मेटची किंमत विचारली.

इतकं सगळं करूनही, मुलींबरोबर सराव झाला, सायकल बरोबर झाली, एक मोसम शांतपणे गेला, आणि तरी ती म्हणाली की नको, तर तिचं ऐका. तेव्हा तिला खरंच दुसरं काही हवं असेल. तोल, पडायचं कसं, गर्दीत जागा कशी काढायची, हे शिकलेलं अंग पुढे माउंटन बाइकिंगला किंवा वेलोड्रोमला, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल ट्रॅकला, गेलं तरी कामाला येतं. पण आज, एकट्या मुलीने मुलग्यांच्या गेटवर शेवटचा नंबर काढून "नको" म्हटलंय. एवढ्यावरून मी तिला सोडू देणार नाही आणि ढकलणारही नाही.

तुम्ही लिहाल तर मला तीन गोष्टी कळवा: तिची उंची, सायकलीच्या फ्रेमवर लिहिलेलं माप, आणि चेनरिंग व कॉग दोन्हींचे दात. आकडे बहुतेक वेळा त्यांच्यावर कोरलेले असतात, नसले तर एका दाताला खडूची खूण करून मोजा. शिवाय तिच्या गेटचा एक व्हिडिओ काढा. समोरून नको, बाजूने, गेटच्या उंचीला फोन धरून, पहिल्या बीपच्या आधीपासून पहिल्या जंपपर्यंत. तिची कंबर कधी हलते आणि गेट कधी पडतं हे त्यात दिसलं की पुढचं मी नेमकं सांगू शकेन.